तारेपलीकडचे कार्यालय

बोरगावहून नागपूर जवळ आणि भोपाळ दूर, हे आमच्या वाचकांना सांगणे नको. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून आमच्या संत्र्या-कापसाची मोठी पेठ एका राज्यात आणि शेताचे कागद दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती आहे. दूरच्या माहितीचे मोल अशा सीमेवरच्या लोकांना अधिक कळते. म्हणून आमच्याच राज्यातील, पवारांच्या जुन्या धार संस्थानच्या मुलखातील एका प्रयोगाचे स्मरण येथे करीत आहोत.

1 जानेवारी 2000 रोजी धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. गावोगावच्या ‘सूचनालयां’तील संगणक दूरध्वनीच्या तारेने जिल्ह्याच्या मुख्य संगणकाशी जोडले गेले. ते चालविणारा ‘सूचक’ गावचाच शिकलेला तरुण. त्याला पगार नव्हता, मिळकत शुल्कातून. पाच रुपयांत बाजारभाव कळे, पंधरा रुपयांत जमिनीच्या उताऱ्याचा अर्ज जाई, दहा रुपयांत तक्रार पोहोचे. माल गाडीत भरण्यापूर्वीच भाव कळल्याने शेतकऱ्याचे बळ वाढले. त्याच वर्षी योजनेस स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला.

पुढे मात्र ती कोमेजली. वीज वारंवार जाई, तार बंद पडे. पण हे कारण अर्धेच होय. अर्ज क्षणात पोहोचे आणि उत्तर त्याच जुन्या नोंदवहीतून, त्याच सवडीने निघे. आम्ही आयुष्य सरकारी नोकरीत घालविले आहे; त्यामुळे सारा दोष तारेवर ढकलून मोकळे होणे आम्हांस रुचत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडील वारणा परिसरात 1998 मध्ये सत्तर गावांसाठी असाच प्रकल्प आखला गेला. तेथे सहकारी साखर कारखान्याचे ऊसाचे हिशेब आधीपासून रीतसर होते. संगणकाचा खरा उपयोग त्याच कामी झाला. पुढे काही गावांत संगणकाची जागा साध्या मोबाइलच्या संदेशांनी घेतली, तरी काम अडले नाही. बोध एकच: यंत्र बदलले तरी चालते, नोंद चोख हवी.

आज बोरगावच्या तरुणाच्या खिशातच इंटरनेट आहे. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्याने कचेरीही जवळ आली. आता उणीव तारेची नाही. तारेपलीकडे बसलेला माणूस वेळेवर उत्तर देतो की नाही, यावरच विकास अवलंबून आहे; आणि ते विचारण्याचे काम आपले आहे.