घरी बनवलेला लाइट कंट्रोलर: मखरातल्या माळांचा लोड नेमका कुठे नडतो?

श्रावण सरत आला की पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. माळा, एलईडी पट्ट्या, फोकस घेणाऱ्यांच्या गर्दीत आता आर्डुइनो आणि निळ्या रिले शोधणारे हौशी लोकही दिसतात. बाप्पापुढचे दिवे आरतीच्या ठेक्यावर लागावेत, विझावेत, एवढीच त्यांची इच्छा असते. प्रोग्राम व्हिडिओ बघून संध्याकाळभरात जमतो. घोटाळा होतो तो त्या पेटीतून वाहणाऱ्या करंटचा.

हिशोब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा आणि भिंतीवरचं साधं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे कमाल १,३८० वॅट. दहा दिवस तासन् तास चालवायचं तर १,१०० च्या आतच राहिलेलं बरं. जुना ५०० वॅटचा हॅलोजन एकटाच दोन अँपिअरच्या वर खातो. सगळ्या माळा एलईडीच्या असतील तर सॉकेटवर फारसा भार येत नाही. तिथे अडचण येते ती कंट्रोलरच्या आत.

निळ्या रिलेच्या डबीवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ छापलेलं असतं आणि बहुतेकजण तेवढ्यावर विसंबतात. हा आकडा सरळ, शांत लोडसाठी असतो. तारेच्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे बटण दाबल्याच्या क्षणी दहापट करंट धावतो. एलईडीच्या अडॅप्टरमध्ये रिकामा कपॅसिटर भरताना असाच झटका बसतो. हे दर वेळी दिवा लागताना घडतं.

आता माळ सेकंदाला एकदा लागून विझते असं धरू. तासाला ३,६०० वेळा, रोज पाच तास चालली तर दिवसाला १८,००० वेळा. अशा लहान रिलेचं पूर्ण लोडवरचं आयुष्य साधारण एक लाख वेळांचं सांगितलं जातं. म्हणजे पूर्ण लोड असेल तर सहाव्या दिवशीच रिलेचं आयुष्य सरतं! मग आतले संपर्क एकमेकांना चिकटतात. प्रोग्राम ‘बंद’ म्हणतो, दिवा चालूच राहतो. देवघराचा एखादा दिवा संध्याकाळी लावायला रिले उत्तम. नाचऱ्या माळांसाठी ट्रायाक किंवा सॉलिड स्टेट रिलेच घ्यावी.

ट्रायाकमध्ये हलणारा भाग नसल्याने झिजायला काही नाही, पण तो तापतो. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक अँपिअरमागे एक ते दीड वॅट उष्णता होते. बाजारात सहज मिळणारा बीटी १३६ चार अँपिअरचा म्हणवला जातो, पण हीटसिंक न लावता त्याच्याकडून एखाद्या अँपिअरच्या वर काम घेऊ नये. आणि इथे एक जीवघेणी गोष्ट आहे: बीटी १३६ च्या पाठीचा धातूचा पत्रा मधल्या पायाला जोडलेला असतो, म्हणजे त्यावर थेट मेन्स येते. हीटसिंकला हात लागला की शॉक. बीटीए मालिकेतल्या ट्रायाकचा पत्रा आतून इन्सुलेट केलेला असतो. घरच्या पेटीत तोच वापरावा, आणि आर्डुइनो व ट्रायाक यांच्यामध्ये एमओसी ३०४१ सारखा ऑप्टोकपलर असावाच.

ट्रायाक ‘बंद’ असतानाही थोडा करंट झिरपतो. एलईडी माळ विझल्यावर मंद मिणमिणते ती त्यामुळेच. म्हणून माळेला हात लावायच्या आधी पिन काढायची, प्रोग्रामवर भरवसा ठेवायचा नाही. स्वस्त माळा थेट २३० व्होल्टवर चालतात. त्यांची सोललेली वायर ‘एलईडीच तर आहे’ म्हणून सौम्य होत नाही.

पाच व्होल्टच्या रंगीत पिक्सेल पट्ट्यांची गोष्ट उलटी. त्यांचा शॉक बसत नाही, पण डब्ल्यूएस २८१२बी या प्रकारचा एक दिवा पूर्ण पांढरा लागला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. असे ३०० दिवे म्हणजे १८ अँपिअर! पॉवर फक्त ९० वॅट, पण करंट गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटपेक्षा जास्त. पट्टीतलं तांबं पातळ असतं, म्हणून दूरच्या टोकाचे दिवे पिवळट-लालसर दिसू लागतात आणि जोड गरम होतात. उपाय म्हणजे दोन्ही टोकांना आणि मध्येही जाड वायरने पुरवठा देणं, प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज लावणं. प्रोग्राममध्ये प्रकाश निम्मा करणं चांगलं, पण प्रोग्राम अडकला तर वाचवणार फ्यूजच.

‘एमसीबी आहे ना’ हा समज सर्वात महाग पडतो. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगला जपते, माळेच्या केसासारख्या वायरला नाही. ६ अँपिअरची एमसीबी ६.८ अँपिअरवर तासभरही पडत नाही. तेवढ्यात माळेची वायर वितळू शकते. म्हणून प्रत्येक चॅनेलला फेजच्या वायरवर, माळेच्या गरजेपेक्षा थोडाच मोठा फ्यूज हवा. ट्रायाकही फेजवरच, न्यूट्रलवर नाही. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो आणि हा हिशोबच उलटवतो, म्हणून तीन पिनांचा प्लग लावावा. पेटी धातूची असेल तर तिला अर्थिंग द्यायचं. मिठाईचा पुठ्ठ्याचा डबा ही पेटी नव्हे.

थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्यामुळे आता मखर कागद, पुठ्ठा, कापड आणि सुकत जाणाऱ्या फुलांचं असतं. पर्यावरणासाठी हे उत्तम, पण तेही सहज पेटतं. कंट्रोलर मखराच्या मागे कोंबू नये, बाजूला मोकळ्या हवेत ठेवावा. भाद्रपदातला पाऊस लक्षात घेता गॅलरीतल्या माळांसाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. तिचं टेस्ट बटण सजावटीआधी दाबून पाहावं.

सार्वजनिक मंडळांचं प्रकरण वेगळं आहे. तिथे महावितरणकडून तात्पुरती अधिकृत जोडणी घ्यायची असते आणि वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायचं असतं. घरी बनवलेली पेटी मंडपात नेण्याचा मोह टाळावा.

चाचणी प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी घ्यावी. सगळ्या माळा तासभर पूर्ण उजेडात चालवायच्या, मग पिन काढून लगेच प्लग, जोड आणि वायरींना हात लावून पाहायचं. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर त्या चॅनेलवरच्या निम्म्या माळा दुसरीकडे हलवायच्या.