प्रोस्टेटची रोबोटिक शस्त्रक्रिया : पद्धती कोणत्या, आणि बरे व्हायला किती वेळ?

प्रोस्टेटचा कॅन्सर ग्रंथीबाहेर पसरलेला नसेल, तर संपूर्ण ग्रंथी काढणे हा एक उपचार असतो. आता मोठ्या शहरांत हे ऑपरेशन अनेकदा रोबोच्या मदतीने होते. पण 'रोबोटिक' ही काही एकच पद्धत नाही. सर्जन कोणत्या वाटेने ग्रंथीपर्यंत पोचतो, त्यावर पुढचे काही महिने कसे जातील हे बरेचसे ठरते.

रोबो काय करतो?

रोबो स्वतःहून काहीच करत नाही. पोटावर पाच-सहा लहान छिद्रे पाडून दुर्बीण आणि अवजारे आत सोडतात. ती बाजूच्या कन्सोलवर बसलेला सर्जन चालवतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये भारतीय वंशाचे डॉ. मणी मेनन यांनी 2001 पासून ही शस्त्रक्रिया नियमितपणे सुरू केली.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे पोट उघडून केलेले ऑपरेशन आणि रोबोटिक ऑपरेशन यांची तुलना झाली. रोबोटिकमध्ये रक्तस्राव बराच कमी होता. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत दोन वर्षांनंतरही मोठा फरक दिसला नाही.

पुढून की मागून?

नेहमीच्या पद्धतीत मूत्राशय पोटाच्या पुढच्या भिंतीपासून सोडवून खाली घेतात आणि पुढच्या बाजूने ग्रंथी काढतात. यात जागा ऐसपैस मिळते, पण मूत्राशयाला धरून ठेवणारे काही आधार सुटतात.

दुसरी पद्धत 'रेट्झियस-स्पेअरिंग'. मूत्राशय आणि जघनास्थी यांच्यामधल्या जागेला रेट्झियसची जागा म्हणतात. तिला हात न लावता मूत्राशयाच्या मागून ग्रंथीपर्यंत जायचे. इटलीत मिलानच्या डॉ. आल्दो बोचार्दी यांच्या गटाने 2010 मध्ये ही पद्धत मांडली.

डेट्रॉइटमध्ये 120 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. नळी काढल्यावर एका आठवड्यात मागच्या वाटेच्या गटातले 71 टक्के रुग्ण जवळजवळ कोरडे होते. पुढच्या वाटेच्या गटात हे प्रमाण 48 टक्के होते. वर्षभरात मात्र दोन्ही गट जवळपास सारखे झाले.

याला दुसरी बाजूही आहे. मागच्या वाटेने जागा अडचणीची असते, सर्जनला हात बसायला वेळ लागतो. काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडण्याचे प्रमाण थोडे वाढू शकते. गाठ ग्रंथीच्या पुढच्या भागात असेल तर हा मुद्दा जास्त महत्त्वाचा.

नसा वाचवणे

ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून जातात. त्या वाचवण्याचे तंत्र अमेरिकेतले डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी 1982 मध्ये दाखवले. कॅन्सर नसांच्या जवळ असेल तर त्या बाजूची नस काढावी लागते. नसा वाचल्या तरी ताठरता परत यायला दीड-दोन वर्षे लागू शकतात.

घरी आल्यावर

- दवाखान्यात साधारण एक ते तीन दिवस राहावे लागते.
- लघवीची नळी बहुधा 7 ते 10 दिवस असते. ती घरी ओढून काढू नये.
- नळी निघाल्यावर खोकताना, उठताना लघवी गळणे नेहमीचे आहे. पॅड आधीच आणून ठेवावेत.
- ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम ऑपरेशनआधीच शिकावा. नळी असताना करू नये.
- चार ते सहा आठवडे जड उचलू नये. रोज थोडे चालावे, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये.
- ताप, पायाला सूज, दम लागणे, नळीतून लघवी थांबणे यांपैकी काहीही झाले तर लगेच दवाखाना गाठावा.
- साधारण सहा आठवड्यांनी किंवा त्यानंतर पीएसए तपासतात. तो जवळजवळ शून्य असायला हवा.

आधी हे विचारा

सर्जनने स्वतः अशी किती ऑपरेशने केली? वाट कोणती घेणार, आणि का? माझ्या रिपोर्टनुसार नसा वाचतील का? कमी धोक्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन न करता नियमित तपासणीवर थांबता येईल का? दुसऱ्या राज्यात ऑपरेशन करणार असाल, तर विमा किंवा सरकारी योजना तिथे चालते का आणि त्यात रोबोचा खर्च धरतात का, हे लेखी घ्यावे.

मशीन कितीही नवे असले तरी ते चालवणाऱ्याच्या अनुभवाची चौकशी आधी करावी.