जांभळे जिवाणू: गोबरगॅसचा वास आणि सांडपाण्याची घाण खाणारे सूक्ष्मजीव

लातूरजवळच्या एका खेड्यात माझ्या मामाकडे गोबरगॅस आहे. शेगडी पेटवायच्या आधी कुजक्या अंड्यासारखा वास यायचा आणि काही वर्षांत बर्नर गंजून जायचा. मामी म्हणायची, "गॅस फुकट, पण शेगडी महागात पडते!" दोन्हींमागे एकच गुन्हेगार आहे: हायड्रोजन सल्फाइड. आज आपण त्याला खाणाऱ्या जिवाणूंची ओळख करून घेऊ.

बायोगॅसमध्ये काय असतं?
साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन, ३० ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड. जळतो तो मिथेन. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तरी विषारी असतो आणि ओलाव्यासोबत धातू खातो.

हे जिवाणू करतात काय?
झाडं प्रकाशाच्या जोरावर पाणी तोडतात आणि ऑक्सिजन सोडतात. हिरवे आणि जांभळे गंधक जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड तोडतात, म्हणून ऑक्सिजनऐवजी गंधक मिळतं. हे नातं व्हॅन नील या शास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास मांडलं. मोठा फायदा म्हणजे ऑक्सिजन तयार होत नाही. मिथेनमध्ये ऑक्सिजन मिसळला तर स्फोटाचा धोका असतो. क्लोरोबियम हा हिरवा जिवाणू गंधक पेशीच्या बाहेर टाकतो, त्यामुळे ते वेगळं काढता येतं.

हिशोब करून बघू
समजा घरचा प्लँट रोज २ घनमीटर गॅस देतो आणि त्यात ०.२ टक्के हायड्रोजन सल्फाइड आहे. मग रोज साधारण ५ ग्रॅम गंधक निघेल, म्हणजे वर्षाला जेमतेम २ किलो. सोयाबीनला गंधक लागतं हे खरं, पण एवढ्यावर शेत भागणार नाही. खरी कमाई म्हणजे वाचलेली शेगडी.

अजून एक गोष्ट. दोन रेणू हायड्रोजन सल्फाइडमागे कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू वापरला जातो. म्हणजे ३५ टक्क्यांतला फक्त ०.१ टक्का! त्यामुळे एवढ्याने गाडीत भरायचा गॅस तयार होत नाही. कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावाच लागतो.

सांडपाण्याचं काय?
इथे ऱ्होडोस्यूडोमोनाससारखे जांभळे जिवाणू कामाला येतात. ते सांडपाण्यातली सेंद्रिय आम्लं खाऊन वाढतात. त्यांच्या पेशींत भरपूर प्रथिनं असतात, म्हणून मत्स्यखाद्यातही त्यांचा वापर होतो. नांदेड-लातूर हा साखर कारखान्यांचा पट्टा. मळीपासून अल्कोहोल बनवताना निघणारा काळपट स्पेंट वॉश फार घाण असतो. त्यातून आधी बायोगॅस काढायचा, मग उरलेलं पाणी पातळ करून जिवाणूंना द्यायचं, असा क्रम लावता येतो.

अडचण कुठे आहे?
प्रकाश! गढूळ पाण्यात तो काही सेंटीमीटरच शिरतो, आणि रात्री काम थांबतं. म्हणून उथळ टाक्या किंवा एलईडी लागतात, खर्च वाढतो. त्यामुळे गॅससाठी आजही लोखंडाचा कीस भरलेली नळी स्वस्त पडते.

जांभळे जिवाणू आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही वापरतात. तो कसा असतो ते बघायचंय? टीव्हीचा रिमोट फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये ठिपका चमकताना दिसेल.

आणि हो, २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं ते या जिवाणूंमुळे नाही. ते काम खारट पाण्यातल्या वेगळ्या सूक्ष्मजीवांचं, हॅलोआर्कियांचं होतं.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होतं. ज्या भागाने असे दिवस पाहिले, तिथे वापरलेलं पाणी गोदावरीत किंवा मांजरेत तसंच सोडून देणं परवडणारं नाही. ते स्वच्छ करून पुन्हा शेतात नेणारा प्रत्येक उपाय, मग तो डोळ्यांना न दिसणारा का असेना, समजून घ्यायलाच हवा.