माळ्याची तुळई
मोताळा (जि. बुलढाणा) परिसरातील धाब्याच्या घरावर राहता माळा चढवताना खरा प्रश्न तुळईचा नसून तिच्या टेकूचा असतो. फूटभर मातीचे धाबे चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते. राहत्या खोलीतील माणसे व सामान यांसाठी भारतीय मानक ८७५ सुमारे २०० किलोच धरते. म्हणजे माती उतरवून फळ्या ठोकल्या, तर निकोप सागवानी तुळई बहुधा पुरते. लोखंडच भक्कम, हा आक्षेप अर्धाच खरा. मोजके गर्डर सगळा भार टोकांवर एकवटतात आणि मातीची भिंत नेमकी तिथेच चिरडते. गर्डर हवाच, तर खाली दगडी उशी किंवा पायापासून उठलेला खांब द्यावा. तुळईवरच्या कडीचा ताठपणा तिच्या छेदाच्या उंचीच्या घनाने वाढतो, म्हणून ती रुंद बाजू उभी ठेवूनच बसवावी. वाळवी लागते ती बहुधा भिंतीत दडलेल्या टोकाला; ते उकरून पाहावे.