इहिदेची कुळकथा

2023 साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली आणि हिंगोलीसकट सगळ्या जिल्ह्यांत जुन्या दप्तरांचे रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. पण अक्षर लागले म्हणून तारीख लागतेच असे नाही. निजामी महसुलातला फसली सन त्या मानाने सोपा, त्यात 590 मिळवले की बहुतेक वेळा इसवी सन हाती येतो. मराठेशाहीच्या कागदांतला शुहूर सन आकड्यांत नसतो, शब्दांत असतो. तेही अरबी.

पानिपतचे साल घ्या: इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे 1161. जानेवारीतली लढाई म्हणून 600 मिळवायचे, की 1761. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना 599.

यातला इहिदे मला फार आवडतो. अरबीत एकवीस, एकसष्ट अशा संख्यांतला ‘एक’ दोन रूपांत येतो. पुल्लिंगी नामाबरोबर ‘अहद’ किंवा ‘वाहिद’, स्त्रीलिंगी नामाबरोबर ‘इहदा’. वर्षाला अरबीत ‘सना’ म्हणतात आणि सना स्त्रीलिंगी. अरबी विशेषण नामामागून चालते आणि एकवचनी नामाचे लिंग नि विभक्तीही घेते. एक हा आकडाही त्याच शिस्तीतला. म्हणून इहदा, आणि मराठी कारकुनाच्या बोरूतून इहिदे.

तीनपासून पुढे अरबी उलटी चाल करते. नाम स्त्रीलिंगी असेल, तर आकड्याच्या शेवटचा स्त्रीलिंगी प्रत्यय गळतो. ‘सलासा’चा सलास होतो, ‘खम्सा’चा खमस, ‘सित्ता’चा सित. आपल्या कागदांत नेमकी हीच रूपे आहेत. (सबा आणि तिसा यांतल्या शेवटच्या ‘आ’ला फसू नये. तो प्रत्यय नाही, तिथे अरबीतले ‘ऐन’ अक्षर मराठी जिभेवर आकार होऊन बसले आहे.) मराठीत वर्ष आणि साल दोन्ही नपुंसकलिंगी, तरी ही रूपे बदलली नाहीत. पुण्यातल्या कारकुनाला अरबी व्याकरण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने रूपे ऐकली तशी पाठ केली.

हा सन 1344 च्या सुमारास, मुहंमद तुघलकाच्या अमदानीत सुरू झाला असे मानतात. कारण साधे होते. हिजरी वर्ष चांद्र, दर साली दहा-अकरा दिवसांनी मागे सरकणारे. त्याच्या हिशेबाने सारा मागितला तर शेतात उभे पीकही नसायचे. म्हणून हिजरी 745 चा आकडा तसाच धरून पुढची वर्षे सौरमानाने मोजली आणि वर्षारंभ मृगावर आणला. या सनाला मृगसाल म्हणतात ते त्यामुळे. हिंगोलीकडे पेरणीची बोलणी आजही मृगापासूनच सुरू होतात.

वाचणाऱ्याची खरी परीक्षा लिंगात नाही, दशकात आहे. खमस म्हणजे पाच, खमसैन म्हणजे पन्नास; सबा सात, सबैन सत्तर. फाटक्या कडेला दशकाच्या शेवटचा हा ‘-ऐन’ प्रत्यय गेला असेल, तर नोंद पंचेचाळीस किंवा त्रेसष्ट वर्षांनी चुकते, आणि वंशावळीत आजोबाच्या जागी पणजोबा येऊन बसतो.