गेजचा काटा आणि जवानाची अब्रू

भिलाईजवळच्या उतईतून बोलतोय. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पंक्चरवाला पोरांना बजावतो, भर उन्हात ट्यूबमध्ये हवा ठासून भरू नका. त्याच्या सांगण्यात विज्ञानाचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

1662 साली रॉबर्ट बॉईलने वाकड्या काचनळीत पारा ओतून हवा दाबली आणि आकडे छापले. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला, की हवा निम्म्या जागेत मावते. पण हा अंदाज रिचर्ड टाउनलीचा, हेही त्याने लिहून ठेवले. 1802 साली गे-लुसॅकने तापमानाबरोबर वायू किती फुगतो ते मांडले. हे चार्ल्सने पंधरा वर्षे आधी पाहिले होते, पण छापले नव्हते. गे-लुसॅकने त्याचे नाव घेतले, म्हणून आज आपण 'चार्ल्सचा नियम' म्हणतो.

बंद भांड्यात जागा वाढत नाही, तिथे तापमानाबरोबर दाब बदलतो. आमाँताँने हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते. मी ते शाळेत पाठ केले होते आणि विसरलोही होतो.

तरुणपणी मी उंचावरच्या एका चौकीवर होतो. खाली 27 अंशांना भरलेले ऑक्सिजनचे सिलिंडर वर आले. खाली दाब 150 होता, वर काटा 125 वर. बाहेर उणे 23 अंश. माझा संशय भांडार सांभाळणाऱ्या जवानावर गेला आणि मी त्याला चारचौघांत जाब विचारला. तो मान खाली घालून उभा राहिला.

आमचे सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी एक सिलिंडर खाली पाठवून बघू."

खालच्या उबेत काटा पुन्हा 150 च्या जवळ गेला. मग मी कागद घेतला. इथे सेल्सिअस चालत नाही. केल्विनने 1848 साली सुचवलेल्या मापात 273 मिळवावे लागतात. 27 चे झाले 300, उणे 23 चे 250. तापमान सहाव्या हिश्श्याने उतरले, दाबही तितकाच. 150 चे 125. वायू कणभरही कमी झाला नव्हता.

जाब चारचौघांत विचारला होता, म्हणून माफीही चारचौघांतच मागितली.

तेव्हा मंडळी, काटा उतरलेला दिसला तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी तापमान विचारा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.