ओतशाळेतून आलेली पाण्याची चावी

न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहराची ख्याती घोड्यांच्या नालांची आणि शर्टांच्या कॉलरांची. हेन्री बर्डनच्या १८५७ च्या यंत्रातून मिनिटाला साठ नाल पडत. हे कौतुक योग्यच. पण आजच्या प्लंबिंग कंत्राटदाराला ट्रॉयचे खरे देणे वेगळे आहे, ते म्हणजे व्हॉल्व्ह. पालिकेचा चावीवाला गल्लीत जो व्हॉल्व्ह फिरवतो, त्या जातीचा माल बनवणारी लडलो कंपनी १८६६ मध्ये उभी राहिली आणि पुढे ट्रॉयमध्ये स्थिरावली. तिचे अग्निशमन हायड्रंटही नावाजले. माझ्या मते या धंद्याचे मूळ नळकामात नाही, ओतकामात आहे. व्हॉल्व्हच्या बिडाच्या ओतीव अंगात बारीकशी पोकळी राहिली, तरी दाबाखाली पाणी झिरपते. शेगड्या आणि लोखंडी माल ओतणारे हात ट्रॉयमध्ये आधीपासून तयार होते.

कुणी म्हणेल, हडसन नदी आणि १८२५ चा ईरी कालवा असताना कारागिरांचे श्रेय कशाला? पण कालव्याने कोळसा-लोखंड आणले, कसब नव्हे. कालव्याकाठच्या प्रत्येक गावात व्हॉल्व्हचे कारखाने निघाले नाहीत. मागणीचे म्हणाल, तर १८६२ च्या आगीत ट्रॉयमधल्या पाचशेहून अधिक इमारती जळाल्या. पाण्याच्या दाबाचे मोल अशा शहराला वेगळे सांगावे लागत नाही. अर्थात मागणी सर्वत्रच वाढत होती; मुंबईतही १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले होते. पोलादाचा मोठा धंदा पुढे पश्चिमेकडे सरकला, लडलोही बंद पडली. १८७९ मध्ये स्थापन झालेली रॉस व्हॉल्व्ह कंपनी मात्र ट्रॉयमध्येच टिकली.